आमची वाटचाल : टायपासून टीडीएस मीटरपर्यंत

सांगलीत वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचं आमचं दुकान आहे. कामाला दोन पोरं, हिशेबाला सौ., आणि मी. पण त्याआधी दोन वर्षं मी टाय लावून नेटवर्क मार्केटिंगच्या साखळीत माणसं जोडत हिंडलो. तेही सांगायला हवं.

२००९ साली एक मित्र 'नुसतं ऐकून घे' म्हणत एका लॉजच्या हॉलमध्ये घेऊन गेला. मे महिना, आणि स्टेजवर कोट घातलेला माणूस फळ्यावर गोल काढतोय. साडेसहा हजार भरले की सुटाचं कापड आणि एक आयडी, म्हणजे साखळीतली एक जागा. खाली डावीकडे एक, उजवीकडे एक, जोडी जुळली की चेक. हाताला काम नव्हतं. त्याच रात्री हो म्हणालो.

पहिल्याच दिवशी शंभर नावांची यादी करायला लावतात. मी आमच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या होत्या ती वही काढली. मावशीने भिशीचे पैसे दिले, तिचा डावा पाय, म्हणजे तिच्याखालची डावी बाजू, शेवटपर्यंत भरला नाही. माझी जोडी जुळावी म्हणून दोन आयडी तर मीच खिशातून लावल्या, वर चेक मिळाला म्हणून टाळ्या घेतल्या. दोन वर्षांत आले एकवीस हजार. आयडी, सेमिनार आणि पेट्रोलपायी गेले चाळीसच्या वर. ओळखीचे लोक लांबून मला पाहून गल्ली बदलायचे, ते वेगळंच.

फळ्यावरचं गणित मी पुढे घरी बसून पुरं केलं. एकाखाली दोन, दोनांखाली चार... एकोणिसाव्या पायरीला ५,२४,२८८ माणसं लागतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या जरा वर होती. म्हणजे पाळण्यातल्या बाळाच्या नावानेही आयडी लावली तरी ती एक पायरी भरत नाही. खरा माल, खरं गिऱ्हाईक असलेल्या कंपन्याही असतील, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. पण आमच्या त्या कापडाला कापड पेठेत कुणी दीड हजारही दिले नसते. अशा साखळ्यांवर बंदीचा कायदा १९७८ पासून आहे. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनी तर जॉइनिंगचे पैसे घ्यायलाही मनाई केली. हॉलमध्ये कायदा कोण विचारतो म्हणा!

मग इचलकरंजीच्या आतेभावाकडे आठ महिने प्युरिफायरचं काम शिकलो. स्वतःचं पहिलं गिऱ्हाईक मिरजेतले एक निवृत्त मास्तर. मशीनमधून पाणी थेंब थेंब येत होतं. आधी आलेल्या माणसाने मेंब्रेन (पाण्यातले क्षार गाळणारा आतला मुख्य फिल्टर) गेलाय म्हणून अडीच हजार सांगितले होते. मी बाहेरच्या प्री-फिल्टरचा बाऊल उघडला. आतला स्पन, म्हणजे गाळ अडवणारी फिल्टरची कांडी, चिखलाने काळा पडला होता, पंपाला पाणीच पोचत नव्हतं. स्पन बदलला, धार सुरू झाली, दीडशे रुपये घेतले. मास्तरांनी जुना स्पन हातात घेऊन उलटसुलट बघितला, आणि न मागता पाच घरांचे नंबर दिले. टाय लावून पाच नंबर मिळवायला मला महिना लागायचा, त्यातले तीन उचलायचे नाहीत.

धंदा म्हणजे सगळं गोड असं नाही. पहिल्या वर्षी मी सरसकट पंधराशेत एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) दिली, मेंब्रेन धरून. नळाच्या पाण्याला ते परवडलं. पण नदीकाठच्या खारवट पट्ट्यातल्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, दीड हजारावर. तिथे मेंब्रेन वर्षही काढेना. चाळीस घरांना पदरचे मेंब्रेन घातले. सौ.ने गळ्यातलं गहाण ठेवलं, एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. आता आधी मीटर पाण्यात, मग दर तोंडात. शिकवलेला एक पोरगा गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला. शाळा-हॉस्टेलांची उधारी तर बारमाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर मात्र विसरता येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर गावभागात एकेका मशीनमधून वाटीभर गाळ निघायचा. फिल्टर, मेंब्रेन, पंप, अडॅप्टर सगळं फेकायचं. कॅबिनेट, टाकी धुऊन वापरायची. महिनाभर मजुरी लावली नाही, फक्त सामानाचे पैसे. त्या वेळची घरं अजून आमच्याकडेच आहेत. मावशीचंही त्यातच. तिचे साडेसहा हजार मी तीन हप्त्यांत फेडले. फिल्टर बदलायला गेलो की अजून विचारते, "काही जॉइन करायचं नाही ना रे?"

गेल्या महिन्यात आमच्या एका पोराने रविवारच्या सेमिनारसाठी सुट्टी मागितली. नवा शर्टही घेतला होता. मी सुट्टी दिली. एवढंच म्हटलं, "नवीन माणूस न जोडता नुसता माल विकून गेल्या महिन्यात किती सुटले, ते स्टेजवरच्याला विचार." सोमवारी तो नेहमीच्या वेळेला आला. काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. विश्रामबागेतल्या दोन तक्रारी होत्या, त्याच्या हातात दिल्या.