मॉरिशसची सहल: आधी वारा, मग हॉटेल

गेल्या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर मॉरिशसचा एक मोठा नकाशा पसरला गेला आणि तो अजून उचललेला नाही. येत्या सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत. नकाशाच्या उजव्या बाजूला, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या बाहेर, मी पेन्सिलीने आठ-दहा तिरके बाण काढून ठेवले आहेत. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारले, "हॉटेलांवर खुणा करायच्या सोडून हे बाण कसले काढतेस?" ते बाण वाऱ्याचे आहेत, आणि ते का काढले हे सांगायचे तर सात वर्षांपूर्वीच्या आमच्या पहिल्या सहलीपासून सुरुवात करावी लागेल.

त्या वेळी आम्ही दोघेच गेलो होतो, तेही जुलै महिन्यात. एका प्रवास कंपनीने पूर्व किनाऱ्यावरचे एक सुंदर हॉटेल सुचवले, आणि छायाचित्रांतला निळा, निवांत समुद्र पाहून आम्ही लगेच पैसे भरून मोकळे झालो. पोहोचलो तेव्हा समुद्र निळाच होता. मात्र वारा दिवसरात्र थांबत नव्हता. वाळूवर पसरलेल्या टॉवेलाच्या चारही कोपऱ्यांवर चपला ठेवाव्या लागत, बारीक वाळू पिंडऱ्यांना सुयांसारखी टोचत असे, आणि रात्री बाल्कनीचे दार इतके खडखडे की शेवटी आम्ही दाराच्या दोन मुठींमध्ये दुमडलेला कागद घट्ट दाबून त्याची पाचर बसवली. पाचव्या दिवशी टॅक्सीने पश्चिमेकडच्या फ्लिक-आं-फ्लाकला गेलो, तर तेथे झाडाचे पानही हलत नव्हते आणि लहान मुले कमरेएवढ्या पाण्यात खेळत होती. बेट तेच आणि दिवसही तोच होता. कंपनीतल्या कोणीही हा फरक आम्हाला सांगितला नव्हता, आणि काय विचारायचे हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे आणि वर्षाचा बराचसा काळ त्याच्यावरून आग्नेय व्यापारी वारे, म्हणजे आग्नेयेकडून सतत येणारे वारे, वाहतात. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे साधारण जून ते ऑगस्टमध्ये, त्यांचा जोर अधिक असतो. समुद्रावरून आलेली ही दमट हवा बेटाच्या मधल्या पठारावर चढते आणि तेथेच बरेचसे पाणी टाकून पुढे जाते. त्यामुळे क्युरपिपसारखे पठारावरचे गाव पावसाळी आणि गार असते, तर पश्चिम किनारा पर्जन्यछायेत कोरडा राहतो. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना तासाभराच्या अंतरावर स्वेटर घालून पावसात उभे राहण्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. म्हणूनच मॉरिशसला जाण्याविषयी कोणी विचारले की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजूला? हॉटेलाचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

महिन्याचा हिशेब करताना तेथील ऋतू आपल्या उलट असतात हे सारखे लक्षात ठेवावे लागते. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा उन्हाळा. हवा उष्ण आणि दमट, समुद्र ऊबदार, आणि चक्रीवादळांचा काळही हाच. वादळ जवळ येऊ लागले की तेथील हवामान खाते एक ते चार अशा चढत्या श्रेणींचे इशारे देते, आणि वरच्या श्रेणीचा इशारा लागला की सारे व्यवहार थांबून माणसे घरात बसतात. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल या चक्रीवादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून पुराच्या पाण्यात मोटारी वाहून गेल्या होत्या. वृद्ध आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याने जानेवारी-फेब्रुवारी टाळावेत, तिकीट कितीही स्वस्त मिळत असले तरी. सप्टेंबरपासून वारा हळूहळू उतरू लागतो, ऑक्टोबर हा वर्षातला सर्वांत कोरडा महिना असतो, आणि उसाची तोडणी चालू असल्याने रस्त्याकडेची शेते एकामागून एक मोकळी होऊन मागचे डोंगर दिसू लागतात. समुद्राचे पाणी मात्र तेव्हा थोडे गारच असते. बाबांना पोहायचे आहे, आईला फक्त पाय बुडवायचे आहेत, तेव्हा आमचे भागेल.

नकाशावर हे बेट फसवे दिसते. उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५, एवढाच त्याचा पसारा. त्यामुळे कोठूनही कोठे तासाभरात पोहोचू असे वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्याचा रस्ता गावागावांतून वळणे घेत जातो, आणि विमानतळ आग्नेय टोकाला असल्याने उत्तरेकडच्या ग्रां बेला जाताना बहुधा पोर्ट लुईसच्या वाहतुकीतून वाट काढावी लागते. पोर्ट लुईस ते क्युरपिप मेट्रो आता आहे, तिने पठारावरची गावे जोडली गेली. पण ती पोहण्याच्या किनाऱ्यांपर्यंत येत नाही. बसगाड्या सर्वत्र जातात, परंतु संध्याकाळी लवकर विरळ होतात. सप्टेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हेही धरले, तर दिवसाला एकच लांबचा पल्ला आखणे शहाणपणाचे. मागच्या वेळी आम्ही एका दिवसात शामारेल, गंगा तलाव हे हिंदूंचे तीर्थस्थान आणि ल मॉर्नचा डोंगर असे तीन ठिकाणी धावलो, आणि शामारेलच्या सात रंगांच्या मातीपुढे जेमतेम दहा मिनिटे उभे राहिलो.

म्हणून या वेळी मुक्कामच दोन केले आहेत. पहिल्या पाच रात्री पश्चिम किनाऱ्यावर, स्वयंपाकघर असलेल्या एका घरात, कारण आईला सकाळचा चहा स्वतःच्या हातचा लागतो. आणि शेवटच्या दोन रात्री आग्नेयेला माहेबुर्गजवळ, जेथून विमानतळ अगदी जवळ आहे. तिकडे वारा लागणार हे माहीत आहे, परंतु माहेबुर्गला आम्ही वाळूवर पडून राहायला जात नाही.

समुद्राविषयी आई-बाबांना एक गोष्ट मी नकाशावर बोट ठेवून समजावली. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर बाहेरच फुटतात आणि आतले उथळ पाणी शांत राहते. मात्र ही भिंत सलग नाही. दक्षिणेला ग्री-ग्री येथे ती नाही, तेथे कड्यांवर थेट महासागर आदळतो. ते दृश्य तासभर पाहत बसावे असे आहे, पण पाण्यात उतरण्याची ती जागा नव्हे. भिंतीतल्या ज्या खिंडींतून होड्या ये-जा करतात तेथेही ओढ जोरदार असते. शांत पाण्यातसुद्धा तळाशी काटेरी समुद्री साळू आणि तुटक्या प्रवाळाच्या धारा असतात, त्यामुळे रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट सामानाच्या यादीत सर्वांत वर लिहिले आहेत. ल मॉर्नजवळचा जो 'समुद्राखालचा धबधबा' चित्रांत दिसतो, तो वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्याकडे सरकल्याने होणारा भास आहे आणि तो फक्त आकाशातून दिसतो. तो होडीतून पाहायचा बेत बाबांनी हे कळल्यावर सोडून दिला.

त्याऐवजी ल मॉर्नचा डोंगर पायथ्यापासून तरी नीट पाहायचा आहे. ५५६ मीटर उंचीचा हा एकटा उभा काळा खडक मळ्यांतून पळालेल्या गुलामांचा आसरा होता, आणि युनेस्कोने २००८ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश केला तो याच कारणाने. मॉरिशसमधली गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. मळेवाल्यांना मजुरांची चणचण त्याच्या आधीपासूनच दिसू लागली होती, आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी भारतातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईसला उतरलीही होती.

सगळ्या सहलीत माझे मन ज्या दिवसावर आहे तो म्हणजे हे मजूर जेथे उतरत त्या पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाचा. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरातून आली. काही कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि काही मुंबईहून. मुंबईहून आलेल्यांत मराठी बोलणारी माणसे होती. करार बहुधा पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ-डाळीचा शिधा. आणि एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आज तेथे मूळ वास्तूचा थोडासाच भाग शिल्लक आहे: काळ्या दगडाच्या पायऱ्या, एक दरवाजा, इस्पितळाच्या खोल्या, शेडचे अवशेष. मागच्या वेळी आम्ही पोहोचलो तो रविवार होता आणि फाटक बंद होते. मी गजांमधून त्या पायऱ्या पाहिल्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या त्या दगडांत आदल्या रात्रीच्या पावसाचे पाणी साचले होते. तेवढेच पाहून परत यावे लागले, याची रुखरुख अजून आहे. या वेळी तो दिवस मंगळवार ठरवला आहे, आणि बाकी काहीही हलले तरी तो हलवायचा नाही असे सर्वांना सांगून ठेवले आहे. दुपारनंतर वेळ उरलाच तर बंदराजवळच्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची जगप्रसिद्ध टपाल तिकिटे पाहायची आहेत. मूळ तिकिटांवर दर तासाला थोडाच वेळ प्रकाश सोडतात, तेव्हा ती वेळ आधी विचारून घ्यावी.

सप्टेंबर निवडण्यामागे वाऱ्याखेरीज आणखी एक कारण होते. गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पश्चिमेकडच्या कास्कावेल आणि आसपासच्या गावांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात बोलायची भाषा आता बहुतेकांची क्रेओल झाली, पण शाळांतून मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचा वरच्या वर्गांपर्यंत अभ्यास होतो, आणि कोकणातली जाखडी तेथे अजून नाचली जाते. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प बसले. आमच्याकडचा गणपती मूळ घरी काकांकडे असतो आणि बाबांनी आजवर एकही वर्ष चुकवलेले नाही. चार दिवसांनी ते स्वतःच म्हणाले, "यंदा दादा बसवेल. मला तिथला बघायचाय." त्यानंतर मी तारखा पक्क्या केल्या. एक सूचना मात्र करावीशी वाटते: तिकडची सुट्टी आपल्या दिनदर्शिकेतल्या चतुर्थीच्या दिवशीच असेल असे धरू नये. २०२५ मध्ये आपल्याकडे चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि तेथील सुट्टी २८ ला. अनेक घरचे गणपती त्याच दुसऱ्या दिवशी समुद्रावर किंवा नदीवर विसर्जनाला निघतात, त्यामुळे पाहुण्याने तो दिवस मोकळा ठेवावा आणि किनाऱ्याच्या रस्त्याला गाडीने कोठे जायचा बेत करू नये.

माहेबुर्गच्या दोन रात्री इल ओ झेग्रेतसाठी आहेत. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचे हे २६ हेक्टरांचे बेट राखीव असून तेथे मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. एके काळी साऱ्या मॉरिशसच्या किनाऱ्यावर जसे रान होते, तसे तेथे पुन्हा उभे केले जात आहे. मूळची कासवे माणसांनी संपवली, म्हणून आल्दाब्राची महाकाय कासवे आणून सोडली. ती फळे खातात आणि आबनूसाच्या बिया रुजायला मदत करतात. डोडो पक्षी गेला तो सतराव्या शतकातच गेला, पण मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये जंगलात अवघा चार उरला होता आणि तो माणसांनी कष्टाने वाचवला, ही गोष्ट मला डोडोहून अधिक सांगावीशी वाटते. जुलै २०२० मध्ये याच किनाऱ्याजवळ वाकाशियो हे जहाज प्रवाळावर चढले आणि पुढच्या महिन्यात सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरले. तेव्हा गावकऱ्यांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून, त्या शिवून, लांबच लांब तरंगते बांध घातले. ज्या किनाऱ्यावर हे घडले तेथे जाऊन होडीवाल्याला, मार्गदर्शकाला आपले चार पैसे मिळावेत असे मनापासून वाटते.

किरकोळ गोष्टी थोडक्यात. चलन मॉरिशसचा रुपया आहे, गाडी डाव्या बाजूने चालते, विजेला ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचा आणि युरोपीय दोन पिनांचा असे दोन्ही प्लग चालतात. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. डासांसाठी मलम न्यावे, कारण चिकुनगुन्याच्या साथी तेथे येऊन गेल्या आहेत. खाण्याची काळजी आईला होती, ती दाल पुरीचे वर्णन ऐकून मिटली: वाटलेल्या डाळीचे सारण भरलेली मऊ पातळ पोळी, दोन-दोनच्या जोडीने, आत वालाची भाजी आणि रुगाय नावाचा टोमॅटोचा रस्सा, वरून मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. रस्त्याकडेच्या गाडीवर ती सकाळी घ्यावी, दुपारनंतर बहुतेक संपलेली असते.

रॉड्रिग्ज बेटाचा बेत मात्र सोडावा लागला. पूर्वेला दीड तासाच्या विमानप्रवासावर असलेल्या त्या बेटासाठी किमान तीन रात्री हव्यात, आणि त्या काढायच्या तर आप्रवासी घाट किंवा विसर्जन यांपैकी एक सोडावे लागले असते. काल रात्री बाबांनी स्वतः पेन्सिल घेऊन कास्कावेलभोवती एक गोल केला आणि त्याच्या बाजूला लिहिले, "वारा कमी. मुक्काम इथून किती लांब?" तेच मोजायचे तेवढे आता राहिले आहे.