युनिव्हर्सल रिमोट जुळवणे आणि टीव्हीच्या नेहमीच्या तक्रारी : माझा अनुभव

‘भाऊ, टीव्ही चालत नही.’ अमळनेर असो, चोपडा असो की शिरपूर, फोनवर निरोप एवढाच येतो. या एका वाक्यात पाच वेगवेगळे बिघाड असू शकतात. रिमोट मेलेला असेल, टीव्हीचा सेन्सर, म्हणजे रिमोटचा इशारा पकडणारा डोळा, काम करत नसेल, इनपुट चुकलं असेल, सेट टॉप बॉक्सला सिग्नल नसेल, नाहीतर टीव्हीच बिघडला असेल. म्हणून घरून निघण्याआधी मी समोरच्याला एकच गोष्ट करायला सांगतो : टीव्हीच्या अंगावरचं बटण दाबून बघा. हल्लीच्या एलईडी टीव्हीत ते खालच्या पट्टीच्या मधोमध, लोगोच्या खाली चाचपडलं की सापडतं, नाहीतर मागे एका कोपऱ्यात असतं. रिमोटनं न होणारा टीव्ही त्या बटणानं चालू झाला तर टीव्ही जिवंत आहे आणि शोध रिमोट आणि सेन्सर या दोघांतच घ्यायचा. बटण दाबूनही काही नाही आणि लाल दिवाही नाही, तर रिमोटला हातसुद्धा लावायचा नाही.

रिमोटची परीक्षा मोबाइलवर होते. सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोटमधून प्रकाश बाहेर पडतोय. मागचा कॅमेरा घेऊ नका, बऱ्याच फोनांत त्याच्यावर इन्फ्रारेड अडवणारी फिल्टर-काच असते आणि चांगला रिमोटही मेलेला दिसतो. काही बटणांना ठिपका येतो आणि काहींना येत नाही, तर आतलं रबर खराब. एकही बटण न दाबता ठिपका लुकलुकत राहिला तर एखादं बटण आत अडकलंय. असा रिमोट सेल तर खातोच, शिवाय टीव्हीच्या सेन्सरवर सतत मारा करत राहतो, त्यामुळे दुसरा चांगला रिमोटही चालत नाही. तेव्हा आधी त्याचे सेल काढून बाजूला ठेवा, मग दुसरा रिमोट तपासा.

मात्र ठिपका दिसला म्हणजे रिमोट शंभर टक्के ठीक, असं नाही. टीव्हीचा सेन्सर साधारण ३८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा होणाऱ्या लुकलुकीलाच ओळखतो. जुन्या रिमोटमध्ये ही वारंवारता ४५५ किलोहर्ट्झच्या एका छोट्या सिरॅमिक रेझोनेटरपासून येते. ४५५ ला १२ ने भागलं की ३७.९. रिमोट फरशीवर आपटला की हा रेझोनेटर तडकतो किंवा त्याचा पाय टाक्यातून सुटतो. मग वारंवारता सरकते किंवा रिमोट गप्पच होतो. सुटलेला पाय पुन्हा डाग दिला की बसतो. तडकलेला बदलावा लागतो, आणि तेवढ्यासाठी मेहनत घेण्यापेक्षा नवा रिमोट घेतलेला बरा.

सेल मोजूनच बदला. नवा ट्रिपल-ए सेल मीटरवर दीड व्होल्ट किंवा थोडा जास्तच दाखवतो. १.२ च्या खाली आला की रिमोट जवळून चालतो, लांबून नाही. दोन्ही सेल एकदम बदलायचे, एक नवा आणि एक जुना घातला की जुना पाझरतो. मे महिन्यात इकडे पारा ४५ पर्यंत चढतो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त तापतं, आणि बंद पडून राहिलेल्या रिमोटमधले सेल हमखास फुटतात. स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर लिंबाच्या रसात बुडवलेली कानातली काडी फिरवा, मग ओल्या काडीनं पुसा, वाळवा आणि बारीक पॉलिश पेपरनं स्प्रिंग चमकवा.

बटण जोरात दाबावं लागत असेल तर रिमोट उघडा. रबरातून हळूहळू तेल सुटतं आणि बोटांचा घाम-मळ फटीतून आत जाऊन सर्किटच्या हिरव्या पट्टीवर चिकट थर बसतो. रबर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचं. हिरवी पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसायची. पट्टीवरचे काळे ठिपके हे कार्बनचे असतात, ते ब्लेडनं खरवडले की ते बटण कायमचं गेलं.

रिमोट ठीक आणि तरी टीव्ही ऐकत नाही, तर सेन्सर बघायचा. उन्हाळ्यात पश्चिमेच्या दारातून ऊन थेट टीव्हीवर पडत असेल तर दुपारी रिमोट चालत नाही आणि संध्याकाळी चालतो. सेन्सरच्या खिडकीवर तळहाताची सावली धरून बटण दाबा, चाललं तर दोष उन्हाचा. धुळीचा थरही त्या काळ्या काचेवर बसतो, तो कोरड्या फडक्यानं पुसा.

आता युनिव्हर्सल रिमोट. बाजारात तीन जातींचे मिळतात. एक, ठरावीक मॉडेलसाठी तयार असलेला. यात काही जुळवायचं नसतं, टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणि जुन्या रिमोटचा फोटो दोन्ही दुकानात दाखवा. दोन, कोड टाकायचा. तीन, शिकणारा, म्हणजे मूळ रिमोटकडून बटणं उचलणारा.

कोडवाल्यात सेटचं बटण आणि टीव्हीचं बटण एकदम धरून ठेवायचं, तीनेक सेकंदांत रिमोटवरचा दिवा स्थिर होतो. मग सोबतच्या कागदावरचा त्या कंपनीचा तीन किंवा चार आकडी कोड टाकायचा, दिवा विझला की कोड बसला. कागद हरवला असेल तर आपोआप शोध. टीव्ही चालू ठेवा, रिमोट सेन्सरसमोर धरा, सेट दाबून दिवा स्थिर करा आणि पॉवरचं बटण सावकाश, एकेक सेकंदाच्या अंतरानं दाबत राहा. काही रिमोटांत पॉवरऐवजी चॅनेल वाढवायचं बटण असतं, काहींत एकदा दाबून धरलं की तो स्वतःच एकेक कोड फेकत जातो. टीव्ही बंद झाला त्या क्षणी थांबायचं आणि ओके किंवा सेट दाबून कोड पक्का करायचा. इथे घाई केली की नेमका कोड हातातून निसटतो आणि सगळी यादी पुन्हा फिरून यावं लागतं.

टीव्ही बंद झाला म्हणून काम झालं, असं धरू नका. एकाच कंपनीच्या दोन-तीन कोडांत पॉवरचा इशारा सारखाच असतो आणि बाकीची बटणं वेगळी. आवाज, सोर्स, मेनू आणि मागे जाण्याचं बटण, ही चारही चालतात का बघायचं. मेनू उघडत नसेल तर शोध तिथून पुढे चालू ठेवायचा.

आठवडे बाजारातून किंवा लहान दुकानातून घेतलेल्या असेंबल, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या टीव्हीत मात्र कागदावरची कंपन्यांची यादी काहीच कामाची नाही. चौकटीवर नाव कुठलंही चिकटवलेलं असतं, रिमोटचा कोड ठरतो तो आतल्या मेन बोर्डवरून आणि त्यात भरलेल्या सॉफ्टवेअरवरून. म्हणूनच दुरुस्तीत बोर्ड बदललं की जुना रिमोट तिथेच निकामी होतो. लोक म्हणतात, मेकॅनिकनं रिमोट बिघडवला. तसं नसतं, बोर्डाबरोबर त्याचा रिमोट घ्यायलाच हवा होता. बोर्ड बदलून घेताना हे आधीच बोलून घ्या. रिमोट शोधताना टीव्हीचं मागचं झाकण उघडून बोर्डावर छापलेला नंबर, म्हणजे व्ही ५६, व्ही ५९ असा काही, दुकानदाराला दिला की रिमोट शोधणं सोपं जातं. झाकण मेकॅनिककडूनच उघडून घ्या, कारण खाली सांगतो.

याच बोर्डांत मेनू दाबून ११४७ असे आकडे टाकले की कारखान्याचा मेनू उघडतो. तिथे पॅनेलची, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेची सेटिंग बदलली की चित्र उलटं होतं, आरशासारखं फिरतं किंवा रंग निगेटिव्हसारखे दिसतात. मुलांच्या हातून हे घडतं. चित्र उलटं दिसलं तर पॅनेल गेलं असं समजून घाबरू नका. मिररची सेटिंग जागेवर आणली की चित्र सरळ होतं. बाकीच्या ओळींना हात लावायचा नाही, एक चुकीची ओळ बदलली तर स्क्रीन काळी पडते आणि बोर्डात सॉफ्टवेअर पुन्हा भरावं लागतं.

शिकणारा रिमोट मला सर्वांत भरवशाचा वाटतो, आणि बऱ्याच सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर वेगळ्या चौकटीत टीव्हीची चार-पाच बटणं असतात तीही अशीच शिकतात. दोन्ही रिमोटांत नवे सेल घाला. टेबलावर तोंडाला तोंड लावून सपाट ठेवा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर, ऊन आणि ट्यूबलाइट दोन्हीपासून लांब. नव्या रिमोटचं सेट बटण धरा, दिवा स्थिर झाला की सोडा. नव्यातलं जे बटण शिकवायचं ते दाबा, दिवा लुकलुकेल. मग जुन्या रिमोटचं तेच बटण नेहमीच्या जोरानं दाबा. दिवा दोन-तीनदा चमकून स्थिर झाला तर इशारा उचलला. पुढचं बटण घ्या, सगळी झाली की सेट दाबून बाहेर पडा. मध्येच दहा-पंधरा सेकंद थांबलात तर तो आपोआप बाहेर पडतो, शिकवलेलं राहतं पण सेट पुन्हा धरावं लागतं. हे काम जुना रिमोट जिवंत आहे तोवरच करता येतं. हरवला असेल तर त्याच मॉडेलचा टीव्ही असलेल्या शेजाऱ्याचा रिमोट तासभर मागून आणा.

स्मार्ट टीव्हीच्या आवाजी रिमोटचं काम निराळं. त्यातली बरीच बटणं ब्लूटूथवर चालतात, इन्फ्रारेडवर बहुधा पॉवर आणि आणखी थोडी. म्हणून साधा युनिव्हर्सल रिमोट टीव्ही चालू करतो, पण माईकचं बटण चालत नाही. स्मार्ट टीव्हीत ॲप ‘नेटवर्क नाही’ म्हणत असेल आणि मोबाइलवर तेच वायफाय ठणठणीत असेल, तर टीव्हीची तारीख बघा. लाइट बराच वेळ गेल्यावर घड्याळ मागच्या सालात जातं आणि चुकीच्या तारखेला ॲपचं सुरक्षा प्रमाणपत्र जुळत नाही. तारीख दुरुस्त केली की ॲप चालतं.

‘नो सिग्नल’ला पहिलं औषध सोर्सचं बटण. बॉक्स एचडीएमआय १ ला आणि टीव्ही एव्हीवर, असंच बहुतेक वेळा निघतं. एव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसलं तर पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये असून सोर्स कंपोनंट निवडलेला असतो, किंवा कलर सिस्टीम आपल्याकडच्या पालऐवजी दुसरी असते. एचडीएमआयवर चित्र आहे आणि आवाज नाही, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ पीसीएम (साधा आवाज) करा.

बॉक्सचाच सिग्नल गेला असेल तर छत्रीकडे, म्हणजे डिश अँटेनाकडे जा. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्याकडून, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारहून, तो आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून साधारण १३६ ते १३८ अंशांवर आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश वर. ऑफसेट, म्हणजे सिग्नल तिरका घेणारी छत्री असल्यामुळे तिचा चेहरा त्याहून सुमारे २५ अंश उभा दिसतो, म्हणून ‘छत्री आकाशाकडे बघतच नाही’ असं वाटून ती वर उचलू नका. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथ दिसली म्हणजे केबल आणि एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) जिवंत आहेत, एवढंच. क्वालिटी आली तरच छत्री बरोबर उपग्रहावर आहे. स्ट्रेंथ आहे, क्वालिटी शून्य : दिशा सरकली. सातपुड्याच्या पायथ्याला वानरं छत्रीवर बसतात, मे-जूनच्या वादळात नट सैल होतात. छत्री केसभर हलवा आणि चार सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. स्ट्रेंथही शून्य असेल तर कनेक्टर उघडा. केबलच्या बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तारेला टेकली की बॉक्स एलएनबीला जाणारे १३-१८ व्होल्ट तोडतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरून तांबं हिरवं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा एफ कनेक्टर बसवा. एलएनबीच्या तोंडावर गांधीलमाशीचं पोळं आहे का तेही बघा. आणि १ एप्रिलच्या सुमारास चॅनेलांची अदलाबदल होते, तेव्हा छत्रीला हात न लावता फक्त ऑटो स्कॅन करा.

टीव्हीत लाल दिवाच नसेल तर वीज. बऱ्याच एलईडी टीव्हींच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तिथे कमी व्होल्टेजनं सहसा काही होत नाही. मारतो तो वाढीव झटका, लाइट परत येताना किंवा न्यूट्रल सैल झाल्यावर. लाइट गेली की प्लग काढा. विजा कडाडत असतील तर छत्रीची केबलही बॉक्समधून काढा, वीज त्या वाटेनं येते. फ्यूज उडाला असेल तर तिथे तार गुंडाळायची नाही, फ्यूज ज्या कारणानं उडाला ते आत तसंच असतं. आणि झाकण उघडण्याबद्दल : २३० व्होल्टचं डीसीत रूपांतर झालं की मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

आवाज येतो पण स्क्रीन काळी, ही तक्रार आता फार वाढली आहे. खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च स्क्रीनला तिरपी लावा. फिकट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल चांगलं आहे, मागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्यात. त्यातले एलईडी एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, एक उघडा पडला की सगळी रांग विझते. बदलताना सगळ्या पट्ट्या एकदम बदलून घ्या, जुन्यातले उरलेले दिवे त्याच उष्णतेत तेवढेच तापलेले असतात. नव्या पट्ट्या बसल्यावर बॅकलाइट १०० वर ठेवू नका, ६० ते ७० पुरतो. थोड्या वेळानं तो आपोआप १०० वर जात असेल तर टीव्ही दुकानाच्या मोडवर आहे, मेनूतून होम मोड निवडा.