पीटर टॉशच्या गावी

जमैकातल्या सॅव्हाना-ला-मार या शहराला तिथे कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. नुसतं 'सॅव्ह'. तिथून बेलमाँटला, म्हणजे पीटर टॉशच्या गावी, जायला लाल नंबरप्लेटची शेअर टॅक्सी. मागे चौघं कोंबल्याशिवाय गाडी हलत नाही. आमच्या सांगलीकडच्या वडापची सख्खी बहीणच!

जमैकाला येणारे बहुतेक जण रेगे गायक बॉब मार्लीसाठी त्याच्या गावी, नाइन माइलला जातात. मला मात्र त्याचा जोडीदार पीटर टॉश जास्त जवळचा. बॉब, बनी आणि पीटर या किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊनमधल्या तीन पोरांनी 'वेलर्स' हा बँड उभा केला. १९७४ मध्ये पीटर त्यातून बाहेर पडला. पुढे १९७६ आणि १९७७ मध्ये त्याचे दोन अल्बम आले. पहिला गांजा कायदेशीर करा म्हणणारा, दुसरा समान हक्क मागणारा.

गांजा हा शब्द जमैकात जसाच्या तसा आहे, कारण तो आपल्याकडूनच गेला. १८४५ पासून भारतीय मजूर इथल्या उसाच्या मळ्यांवर करारानं आले, आणि त्यांच्याबरोबर शब्दही आला. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, खिडकीतून येणारी गरम हवा. क्षणभर मिरजेच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटलं. मी भारतातला म्हटल्यावर ड्रायव्हर खूश. त्याची पणजी 'इंडियन' होती म्हणे.

बेलमाँटला पीटरची समाधी अगदी समुद्रालगतच्या रस्त्यावर. लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची छोटीशी खोली, आत थडगं. अंगणात दोन शेळ्या चरत होत्या, बाकी कुणी नाही. मी पायऱ्यांवर बसलो.

१९७८ चा २२ एप्रिल आठवला. किंग्स्टनच्या स्टेडियममध्ये शांततेसाठी मोठी मैफल होती. राजकीय टोळ्यांच्या मारामाऱ्यांत माणसं मरत होती, म्हणून. पुढच्या रांगेत पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी नेते सिआगा. बॉबनं नंतर त्या दोघांचे हात एकत्र धरले, तो फोटो जगभर गाजला. त्याआधी पीटरनं मात्र त्याच दोघांना स्टेजवरून पोलिसांच्या दंडेलीबद्दल भर गर्दीत झापलं होतं, तेही गांजा ओढत. फोटो गाजला, झापणं विसरलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलिसांनी त्याला बेदम मारलं, हात मोडला. तोच हात ज्यानं तो गिटार वाजवायचा.

११ सप्टेंबर १९८७ ला किंग्स्टनच्या घरात शिरलेल्यांनी त्याला गोळ्या घातल्या. वय ४२. शेवटच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते पुढच्या वर्षी, आणि देशाचा मोठा सन्मान २०१२ मध्ये. २०१५ मध्ये दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. सगळंच त्याच्या माघारी.

परतीच्या टॅक्सीत बॉब चालू होता. मी म्हटलं, "दादा, जरा पीटर लावा की." म्हणजे इंग्रजीत म्हटलं, पण मनात दादाच होतं. त्यानं आरशातून पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तूच शोध. मला गाडी चालवायचीय."