मोमोए आणि मिवा

'वंडर एग प्रायॉरिटी' (2021) या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतली मोमोए उंच, आखूड केसांची. शाळेतल्या मुली तिच्यावर भाळतात, अनोळखी माणसं तिला मुलगा समजतात, आणि तिला हवं असतं एवढंच की कुणीतरी आपल्याला मुलगी म्हणून बघावं. माझाही बॉयकट आहे. बसमध्ये कुणी "दादा, सरका जरा" म्हणालं की पोटात कसं होतं, मला ठाऊक आहे. म्हणून दहाव्या भागातला काओरू, तो ट्रान्स मुलगा, मोमोएला सरळ मुलगी म्हणून वागवतो तेव्हा मला रडूच आलं.

पण डोक्यातून जात नाही ती चौथ्या भागातली मिवा, जीव दिलेली एक मुलगी. ट्रेनमध्ये अंगाला हात लावणाऱ्याची ती तक्रार करते. तो निघतो वडिलांच्याच कंपनीतला बडा अधिकारी. वडिलांची नोकरी जाते, आणि आई विचारते, सहन का नाही केलंस? परक्या माणसापेक्षा हा प्रश्न जास्त खोल लागतो.

आणि त्याच भागात मालिकेतले दोन पुरुष सांगतात की मुलगे ध्येयापोटी जीव देतात, मुली भावनेपोटी. मला याचा अजून राग येतो. मिवाचं सगळं दाखवल्यावर हे वाक्य खोडायला हवं होतं, कुणीतरी, मोठ्याने. तसं होत नाही.