डालेम, नोंद चौथी: सातबाऱ्यावर एकच नाव

मंडळी, बर्लिनजवळचं जुनं गाव डालेम अखेर आजच्या नकाशावर जागेवर बसलं. दोन महिने गेले, आणि त्यातला एक आठवडा ते बेलारूसमध्ये होतं.

झालं असं, की प्रशियाच्या पहिल्या मोजणीचं १८४०च्या आसपासचं पत्रक (प्रमाण १:२५,०००) मी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं आणि कडेचे रेखांश जसेच्या तसे भरले. ओके दाबलं, तर बर्लिनच्या नैर्ऋत्येचं हे गाव थेट होमेल शहरावर जाऊन पडलं. अक्षांश बरोबर, रेखांश जवळजवळ ३१! त्या काळी प्रशियाचे नकाशे ग्रिनिचपासून नव्हे, कॅनरी बेटांतल्या फेरोपासून मोजत. म्हणजे १७ अंश ४० कला वजा करायच्या. हे मला ठाऊक होतं, गेल्याच नोंदीत मीच दुसऱ्याला सांगितलं होतं. असो.

मग कंट्रोल पॉइंट, म्हणजे जुन्या आणि आजच्या नकाशावर जुळवायच्या खुणेच्या जागा. तळ्यांच्या काठावर विसंबू नका. ग्रुनेवाल्डझे तळ्याचा काठ मी मोठ्या विश्वासाने धरला होता आणि सगळं पत्रक पिळवटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जलपुरवठ्याच्या विहिरींनी त्या भागातलं भूजल इतकं ओढलं, की तळीच खाली गेली. पुढे हाफेल नदीचं पाणी आणून भरावी लागली. जुना काठ आणि आजचा काठ जुळणार कसा? शेवटी चार इमारती धरल्या: तळ्याकाठचा १५४२चा शिकारवाडा, त्सेलेनडॉर्फचं १७६८चं अष्टकोनी चर्च, डालेमचा वाडा आणि डालेमचं सेंट आनेन चर्च. चूक १९ मीटरवर आली. हाताने काढलेल्या पत्रकाला एवढी पुरे.

सेंट आनेनवर माझा विशेष जीव. बर्लिन ते कोब्लेन्झ या दृश्य-तारायंत्राच्या रांगेतलं दुसरं ठाणं या चर्चच्या माथ्यावर होतं. १८३२ ते १८४९ इथे खांबावरचे सहा हात हलत, प्रत्येक हाताच्या चार स्थिती, म्हणजे ४,०९६ खुणा. पुढच्या टेकडीवरचा माणूस दुर्बिणीतून बघून त्या तशाच पुढे पाठवी. खाली गाव केवढं, तर एक रस्ता, चर्च, वाडा आणि मोजकी घरं. आजची कोनिगिन-लुईझं-श्ट्रास हा तोच रस्ता. जुन्या रेघेवर नवी रेघ बसलेली पाहून मी चहा विसरलो.

आता मुद्द्याचं. हा थर बसवताना माझा एक समज मोडला. शहर गावाला गिळतं म्हणजे कडेने घरं येत जातात, एक शेत, मग दुसरं, असं मी धरून चाललो होतो. जवळच्या श्योनेबेर्गमध्ये साधारण तसंच झालं; तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या आणि ‘लक्षाधीश शेतकरी’ म्हणून चेष्टेचा विषय झाले. डालेममध्ये मात्र विकायला शेतकरी होतेच कुठे! १३७५च्या दफ्तरात पहिल्यांदा नाव येणारं हे गाव पुढे सरदारी मालकीचं झालं. वाड्यावर १६८० हे साल अजून आहे. शेवटचा बडा मालक बायमं हा प्रशियाचा मंत्री. १८३८ला तो वारला आणि १८४१ला त्याच्या मुलीने सगळी मालमत्ता सरकारला विकली. आपल्या भाषेत, सातबाऱ्यावर एकच नाव, आणि ते सरकारचं.

त्यामुळे डालेम एका कायद्याने बदललं. १९०१मध्ये ही सरकारी जमीन प्लॉट पाडून विकायला आयोग नेमला. शिक्षण खात्यातल्या आल्टहोफला इथे ‘जर्मन ऑक्सफर्ड’ वसवायचं होतं. म्हणून काही जमीन बंगल्यांना आणि काही विज्ञानाला. १९१२ला कैसर विल्हेल्म या संशोधन संस्थांच्या पहिल्या दोन इमारती उघडल्या, १९१३ला भुयारी रेल्वे आली. रेल्वे आधी, वस्ती मागून! डालेम-डॉर्फ स्टेशनाला मुद्दाम शेतघरासारखं गवती छप्पर केलं. ते १९८०ला जळलं, पुन्हा घातलं, २०१२ला परत जळलं. पुढचं थीलप्लाट्झ स्टेशन आयोगातल्या हूगो थीलच्या नावाचं. १८४०च्या पत्रकावर नंतरचं पत्रक पारदर्शक करून ठेवलं, की या रेघा शिवारावर एकदम उमटलेल्या दिसतात. जुन्या बांधांशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही.

त्या थीलप्लाट्झजवळ, ईनेश्ट्रास २२ला, मी एक लाल टिंब टाकलंय. १९२७ला उघडलेल्या मानवशास्त्र संस्थेची ती इमारत. इरावती कर्वे १९२८ ते १९३० तिथे ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. युरोपीय कवट्यांची डावी-उजवी असमानता इतर वंशांपेक्षा वेगळी असते, हे फिशरचं म्हणणं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी तसा संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. तेही मार्गदर्शकाच्याच संस्थेत बसून. माझ्या नकाशाच्या कामाचं हे नाही, पण टिंब राहणार.

बर्लिनमध्ये डालेम कागदोपत्री गेलं १ ऑक्टोबर १९२०ला. त्या दिवशी बर्लिनला ७ शहरं, ५९ ग्रामपंचायती आणि २७ ‘गुट्सबेत्सिर्क’ जोडले गेले. डालेम या २७ पैकी. गुट्सबेत्सिर्क म्हणजे जिथे निवडलेली पंचायत नसते. रस्ते, पोलीस, गरिबांची सोय सगळं मालकाकडे. आपल्या कोकणातलं खोताचं गाव डोळ्यासमोर आणा, फक्त इथे खोत म्हणजे प्रशियाचं सरकार. पत्रकांवर पाहिलं तर रस्ते, रेल्वे, संस्था सगळं १९२०च्या आधीच बसलेलं. म्हणून ‘विलीनीकरण’ हा थर मी १९२०ऐवजी १९०१पासून रंगवतोय. याला गटातल्या दोघांचा विरोध आहे. असू दे.

आजची हद्द घेणाऱ्यांना एक इशारा. बोटॅनिकल गार्डनच्या नावात पूर्वी ‘डालेम’ असे, पण आज ते लिश्टरफेल्डं भागात मोडतं. आजची सीमारेषा उचलून जुन्या जहागिरीची हद्द म्हणून लावलीत, तर तब्बल ४३ हेक्टर गायब होतील. माझे झाले होते.

पुढे श्मेटाऊ या नकाशाकाराचं अठराव्या शतकातलं पत्रक. त्याला सलग त्रिकोणमितीचा आधार नाही, त्यामुळे चार बिंदूंत भागणार नाही. निदान पंधरा आणि थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे पत्रक जागोजागी लवचीकपणे ताणून बसवायची पद्धत. शिकारवाडा आणि दोन्ही चर्चं सापडली आहेत. बाकीचे बारा शोधतोय.