तुम्ही विचारलंत म्हणून: ती दोघं नक्की काय करतायत?

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर पिकासोच्या एका चित्राची छापील प्रत आहे: ‘समुद्रकिनाऱ्यावरच्या आकृती’, १९३१. आलेला पाहुणा पाण्याचा ग्लास खाली ठेवतो, वर बघतो आणि विचारतो, ‘ही दोघं काय करतायत?’ मावशीने तर सरळ म्हटलं होतं, ‘अगं, ही हाडं कशाला टांगलीस घरात?’

मावशीचं अगदीच चूक नव्हतं. मागे निळा समुद्र आणि पुढे पाण्याने झिजलेल्या गोट्यांसारखे गुळगुळीत आकार, एकमेकांत अडकलेले. डोकी भेटतात तिथे टोकदार जिभा, दाभणासारख्या. चुंबन आहे हे कळतं, पण असल्या जिभांनी घेतलेलं चुंबन रक्त काढल्याशिवाय राहील का? तेव्हा पिकासोचं ओल्गाशी लग्न विस्कटत होतं आणि तरुण मारी-तेरेझ त्याच्या आयुष्यात आलेली होती. मग लोक लगेच विचारतात, यातली बाई कोणती? मला त्या प्रश्नात फारसा रस नाही. नाव कळलं की माणसं चित्र बघायचं थांबवतात.

मी चित्रकलेचे वर्ग घेते, त्यामुळे माझी खोड वेगळी. मी सांधा बघते. दोन आकार जिथे टेकतात तिथली रेघ कुणाची? ब्रांकुशीच्या १९०७-०८ च्या ‘चुंबन’ या शिल्पात दगड एकच आहे, आणि बाजूने पाहिलं तर दोघांचे डोळे मिळून एकच डोळा होतो. तिथे सांधा जवळजवळ पुसलाय. पिकासोने तो पुसलेला नाही, उलट धार लावून ठेवलाय. एकदा मी त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून एकाच आकृतीची बाह्यरेषा काढायला बसले. अर्ध्या तासाने पेन्सिल ठेवली. कोणता अवयव कुणाचा, हिशेबच लागेना. जवळीक म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. जिभांमुळे नाही, या न लागणाऱ्या हिशेबामुळे.

सगळ्यांना सांध्यात रस असतोच असं नाही. १९५४ मध्ये मुंबईत जहांगीर कलादालनात अकबर पदमसींनी ‘प्रेमी’ नावाची चित्रं मांडली होती. पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर. पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितली, पदमसींनी नकार दिला, अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. पोलिसांना हात दिसला. तो हात तिथे ओढून घेतोय, आधार घेतोय की नुसता विसावलाय, हे कोण बघणार?

मावशी मागच्या महिन्यात पुन्हा आली होती. बराच वेळ चित्राकडे बघत चहा प्यायली. मग म्हणाली, ‘भांडण झालंय, पण कुणी उठून जात नाहीये.’