रोमसाठी शून्य टक्के

"गेममध्ये राजकारण घुसवू नका." 'टोटल वॉर: रोम २' या प्राचीन काळातल्या युद्धांवरच्या व्हिडिओ गेमवरचा जुना वाद आज पुन्हा वर आला आणि त्यात हे वाक्य सारखं दिसत राहिलं.

सप्टेंबर २०१८. एक स्क्रीनशॉट फिरला. सेनापतींच्या यादीत बहुतेक बायकाच. झालं, हे इतिहासाला धरून नाही म्हणत स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस. स्त्री सेनापती आणणारा अपडेट मात्र काही महिने आधीच आला होता!

यादीत स्त्री सेनापती येण्याची शक्यता किती, याची टक्केवारीच निर्मात्यांनी जाहीर केली. रोम, कार्थेज, ग्रीक राज्यं : काही ठरावीक प्रसंग सोडले तर शून्य. बाकी बहुतेकांना १० ते १५. कुशला (आजच्या सुदानमधलं प्राचीन राज्य) ५०. यादी रँडम बनते, त्यामुळे शक्यता कमी असली तरी कधीतरी तीन-चार नावं एकदम येणारच.

आणि कुशचे ५० मला अगदी पटतात. तिथली राणी अमानीरेनास इ.स.पू. २५ च्या सुमारास खुद्द रोमशी लढली होती. इतिहासाची एवढी चाड असेल तर हे नाव त्या भांडणात का येत नाही?

असं वादळ उठलं की स्टीमवर रिव्ह्यूंचा आलेख उघडा. निगेटिव्ह रिव्ह्यूंची लाल पट्टी जिथे खाली लांबलेली दिसते तिच्यावर क्लिक करा, त्या काळातले रिव्ह्यू दिसतात. प्रत्येकापुढे खेळलेले तासही असतात. ते नक्की बघा.

सिनेट, कर, गुलाम, यादवी युद्ध यांवरच हा सगळा खेळ उभा आहे. यातलं नेमकं कुठलं राजकारण काढायचं?